टर्बो एंजिनाच्या एका प्रकारचा इनटेक मॅनिफोल्ड दुसऱ्या प्रकारास बसविताना उद्भवणारे प्रश्न

फोक्सवॅगन-ऑडी समूहाने १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेले १.८ लिटरचे टर्बो-पेट्रोल एंजिन या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचे आहे. ऑक्टाव्हिया मोटारीच्या टर्बो आवृत्तीमुळे ते महाराष्ट्रातील गॅरेजांसही अपरिचित नाही. ८१ मिलिमीटर बोअर, ८६.४ मिलिमीटर स्ट्रोक, १७८१ घन सेंटिमीटर घनफळ आणि प्रत्येक सिलिंडरास पाच व्हॉल्व्ह ही त्याची लक्षणे होत. परंतु ‘एईबी’ व ‘एजीयू’ या आरंभीच्या प्रकारांच्या हेडमधील हवेची पोर्ट मोठी असून ‘एडब्ल्यूपी’, ‘बीएएम’ इत्यादी नंतरच्या प्रकारांची लहान आहेत. शिवाय काही मोटारींत एंजिन उभे तर काहींत आडवे बसविलेले असल्याने थ्रॉटलची बाजूही बदलते. बाहेरचे उत्पादक म्हणूनच मोठ्या व लहान पोर्टांचे, डाव्या व उजव्या थ्रॉटलचे निरनिराळे मॅनिफोल्ड विकतात.

बोल्टांची मांडणी मात्र दोहोंत जुळते, आणि भ्रम येथेच उत्पन्न होतो. मॅनिफोल्ड हेडवर बसला म्हणजे काम झाले, असे गृहीत धरले जाते. वास्तविक जोडाच्या आत एक पायरी राहून गेलेली असते, आणि तिची दिशा कोणती हे प्रथम पाहिले पाहिजे. उदाहरणादाखल लहान छेदाचे मोठ्याशी क्षेत्र-प्रमाण ०.८ मानू. लहान नळीतून मोठ्या पोर्टात हवा शिरताना आकस्मिक प्रसरणाने होणारी हानी (१ − ०.८)², म्हणजे लहान छेदातील गतिज दाबाच्या ४ टक्के येते. याउलट मोठ्या नळीतून लहान पोर्टात तीक्ष्ण कडेवरून शिरताना ती सुमारे १० टक्के होते. शिवाय या दुसऱ्या स्थितीत इंधनाचा फवारा उघड्या कडेवर आदळून तेथे थेंब साचण्याचा संभव राहतो. म्हणून दोन्ही छेदांना क्रमाक्रमाने जोडणारी निमुळती मधली प्लेट वापरणे हा बरा उपाय होय. हेड गाडीतच ठेवून पोर्ट कोरण्याचा जो प्रघात दिसतो तो निंद्यच समजला पाहिजे. ॲल्युमिनियमचा कीस व्हॉल्व्हवाटे सिलिंडरात जाण्यास फारसा वेळ लागत नाही.

टर्बो एंजिनात नळ्यांच्या लांबीस महत्त्व नाही, हा समजही प्रचलित आहे. तो बरोबर नाही. ध्वनीची गती हवेच्या तापमानावर अवलंबून असते, दाबावर नव्हे. सबब टर्बोने दाब दुप्पट केला तरी दाबलहरीचे वेळापत्रक जवळजवळ तेच राहते. ५० अंश सेल्सिअसला ही गती सेकंदास सुमारे ३६० मीटर असते. नळी व पोर्ट मिळून लांबी ०.४ मीटर असल्यास लहरीस जाऊन परतण्यास २.२ मिलिसेकंद लागतात, आणि मिनिटास ६००० फेऱ्यांवर तेवढ्या अवधीत क्रँक ८० अंश फिरतो. हीच लांबी ०.२५ मीटर केली तर तोच कोन ९६०० फेऱ्यांवर साधतो, आणि तेथपर्यंत हे एंजिन मुळात पोहोचतच नाही. आखूड नळ्यांच्या सुबक मॅनिफोल्डाने मधल्या वेगावरील ओढ कमी का होते, याचा उलगडा पुष्कळ अंशी येथे होतो.

सर्वांत गंभीर प्रश्न हवेच्या वाटणीचा आहे. थ्रॉटल हवाकक्षाच्या एका टोकास असला की वेगाने येणारा झोत जवळच्या नळ्यांची तोंडे ओलांडून दूरच्या टोकाशी अधिक दाब निर्माण करू शकतो. समजा, एका सिलिंडरास सरासरीपेक्षा ५ टक्के हवा अधिक मिळाली. इंजेक्टर चौघांनाही सारखेच इंधन देतो; तेव्हा सरासरी मिश्रण १२.५ असता त्या सिलिंडरात ते १३.१ होईल, उरलेल्या तिघांत १२.३. हवामापक टर्बोच्या अलीकडे बसलेला असल्याने केवळ एकूण हवा मोजतो, आणि एक्झॉस्टमधील ऑक्सिजन-संवेदक चौघांच्या मिसळलेल्या धुराची सरासरी सांगतो. दोन्ही उपकरणे सर्व ठीक असल्याचा निर्वाळा देत असताना एक पिस्टन भाजत राहतो! नॉक-संवेदक त्या सिलिंडराची ठिणगी मागे सरकवून काही काळ बचाव करतो खरा. पण मग मॅनिफोल्ड बदलून मिळविलेली शक्ती तेथेच खर्ची पडते. यास्तव चारही स्पार्क प्लगांचा रंग ताडून पाहणे, आणि शक्य असेल तेथे प्रत्येक शाखेतील धुराचे तापमान स्वतंत्रपणे मोजणे, अगत्याचे आहे.

ब्रेक-सर्व्हो, इंधनदाब-नियामक, डायव्हर्टर व्हॉल्व्ह व क्रँककेसची वाफ यांच्या नळ्यांसाठी नव्या मॅनिफोल्डावर पुरेशी तोंडे आहेत काय, हे खरेदीपूर्वीच मोजावे. ब्रेक-सर्व्होच्या नळीतील एकदिशा-व्हॉल्व्ह टर्बोचा दाब रोखून धरतो याची खात्री करणे तर सुरक्षिततेचा विषय आहे.

जोडातील गळतीचे लक्षण मोठे चमत्कारिक असते. आयडलिंगच्या वेळी मॅनिफोल्डात निर्वात असल्याने न मोजलेली हवा आत शिरते व मिश्रण विरळ होते. टर्बोचा दाब चढताच मोजलेली हवा त्याच फटीतून बाहेर जाते व मिश्रण दाट होते. एकाच एंजिनाने परस्परविरोधी तक्रारी दाखविल्या म्हणजे संगणकातील आकडे बदलण्यापूर्वी हवामापकाच्या पुढील मार्ग बंद करून त्यात बाहेरून बेताचा दाब भरावा आणि जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.