विणकराच्या घराचा पंचनामा

राजे-सरदारांचा इतिहास बखरींत आणि दरबारी कागदांत सापडतो. खेड्यातल्या विणकराचा कुठे शोधायचा? इंग्लंडपुरते या प्रश्नाचे उत्तर मृत्युपत्रे आणि त्यांना जोडलेल्या मालमत्तेच्या याद्यांत मिळते. १५२९ च्या कायद्याने मृताच्या जंगम मालमत्तेची यादी किमान दोन माणसांनी करणे बंधनकारक झाले. हे पंच बहुधा शेजारीपाजारीच असत. ते खोलीखोलीतून हिंडत आणि प्रत्येक वस्तूची किंमत पौंड, शिलिंग, पेनीत मांडत. मृत्युपत्रांचा कारभार १८५८ पर्यंत प्रामुख्याने चर्चच्या न्यायालयांकडे होता. त्यामुळे हे कागद टिकले आणि आज ते तिथल्या जिल्हा अभिलेखागारांत व लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात.

यादीची सुरुवात साधारणतः मृताचे कपडे आणि थैलीतल्या रोकडीने होई. मग अंथरुणे, पितळी हंडे, कथिलमिश्रित धातूची ताटे, पेट्या, बाकडी. विणकराच्या घरी यांच्या जोडीला माग, ताणा लावण्याचे साहित्य, सूत आणि लोकर नोंदलेली असे. गाय किंवा थोडे धान्यही पुष्कळदा आढळते, कारण अनेक विणकर अर्धे शेतकरीच होते. डॅनियल डीफो याने १७२० च्या दशकात हॅलिफॅक्सच्या डोंगराळ भागात हेच चित्र पाहिले होते. मागांची संख्या मात्र मर्यादित असे. १५५५ च्या कायद्याने शहराबाहेरच्या विणकराला दोनच माग ठेवण्याची मुभा दिली होती. उत्तरेकडील काही परगण्यांना यातून सूट होती.

आजच्या वाचकाला नवल वाटेल ते अंथरुणाच्या किमतीचे. पिसांची गादी आणि पलंग ही घरातील सर्वांत मौल्यवान वस्तूंपैकी एक असे. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात पत्नीला ‘दुय्यम प्रतीचा पलंग’ ठेवल्याची नोंद प्रसिद्धच आहे. एसेक्समधील पाद्री विल्यम हॅरिसन याने १५७७ मध्ये लिहिले आहे की, गावातील वृद्धांच्या आठवणीत लोक पेंढ्यावर झोपत आणि उशीला ओंडका घेत. लाकडी थाळ्यांची जागा धातूच्या ताटांनी घेतली ती त्यांच्या डोळ्यांदेखत.

यादी ‘काय होते’ ते सांगते, तर मृत्युपत्र ‘कोणाला मिळाले’ ते. माग ज्या मुलाला मिळे, त्याच्या हाती बापाचा धंदा येई. इतरांच्या वाट्याला एखादा हंडा, चादर किंवा थोडी रक्कम येई. विधवेचा प्रश्न अधिक नाजूक होता. विवाहितेची जंगम मालमत्ता कायद्याने पतीची मानली जाई. म्हणून तिने माहेराहून आणलेली भांडीही पतीच्या यादीत मोजली जात. यॉर्कच्या धर्मप्रांतात १६९२ पर्यंत विधवा आणि मुलांचा वाटा कायद्याने राखून ठेवलेला होता. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत मात्र सारे पतीच्या मर्जीवर होते. अनेकांनी पत्नीलाच मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवली, हेही तितकेच खरे. अशा वेळी शेजाऱ्यांनी केलेली यादीच तिचा आधार ठरे, कारण धनको आणि वारसदार यांना तिला तीवरूनच हिशेब द्यावा लागे.

या कागदांना मर्यादाही आहेत. यादीत जमीन येत नसे, आणि मृताने इतरांचे देणे असलेले कर्जही सहसा येत नसे. त्यामुळे यादीची बेरीज म्हणजे कुटुंबाची खरी सांपत्तिक स्थिती नव्हे. शिवाय अगदी गरिबांच्या मागे मोजण्यासारखे काही उरतच नसे. त्यांच्या याद्या क्वचितच आढळतात.

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर अशा तपशीलवार याद्या विरळ होत गेल्या. त्याच काळात मागाचेही दिवस पालटू लागले होते. जॉन के याचा धावता धोटा १७३३ चा, तर एडमंड कार्टराइटच्या यंत्रमागाचे पहिले पेटंट १७८५ चे. एकोणिसाव्या शतकात घरातला माग कारखान्यात गेला. शेजाऱ्यांनी मोजलेल्या त्या दोन मागांची आणि एका गादीची नोंद तेवढी मागे राहिली आहे.