आपलाच आवाज, जरा उशिरा

काही टेपरेकॉर्डरमध्ये आवाज नोंदवणारं हेड आणि वाजवणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. सेकंदाला साडेसात इंच सरकणाऱ्या टेपला दीड इंच पुढे जायला ०.२ सेकंद लागतो. एवढ्या उशिराने आपलाच आवाज हेडफोनमधून मोठ्याने ऐकू आला, की भलेभले वक्ते अडखळतात; स्वर लांबतात, अक्षरं दोनदा उमटतात. अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी १९५० मध्ये हा परिणाम मांडला.

बोलताना मेंदू प्रत्येक उच्चार कसा ऐकू येईल याचा अंदाज बांधतो आणि कानावर आलेल्या आवाजाशी तो ताडून पाहतो. ०.२ सेकंद म्हणजे साधारण एका अक्षराचा वेळ. त्यामुळे तोंडात पुढचं अक्षर आणि कानात मागचं, असा घोळ होतो. उशीर बराच वाढला, तर अडखळणं उलट कमी होतं.

विशेष म्हणजे, तोतरेपणा असलेल्या काहींचं बोलणं याहून छोट्या उशिराने सुधारतं. मात्र असा उशीर घडवणारं उपकरण वाचा-उपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरावं.

फोनवर स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकू येऊन बोलणं अडत असेल, तर समोरच्याला स्पीकर बंद करून इयरफोन लावायला सांगा. बहुतेक वेळा दोष त्या टोकाला असतो.