ड्रिपमधला साका आणि दातांवरचं इनॅमल

आमच्या सणसर-भवानीनगर पट्ट्यात ज्याच्या शेतात ड्रिप आहे, त्याला एक नियम माहीत असतोच: कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० एका टाकीत टाकायचं नाही. वेगवेगळी घातली तर दोन्ही खतं पाण्यात छान विरघळतात. एकत्र आली की पाणी दुधाळ होतं, तळाला पांढरा साका बसायला लागतो आणि तो लॅटरलमध्ये गेला की ड्रिपर चोक.

हा साका म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट. पुस्तकी भाषेत या साका बसण्याला ‘अवक्षेपण’ म्हणतात, आणि माझी पीएचडी त्यावरच आहे. शेतकऱ्याला जो नको असतो, तोच मला हवा असतो. कारण आपली हाडं आणि दात याच कुटुंबातल्या एका पदार्थाचे बनलेले आहेत. त्याचं नाव हायड्रॉक्सीॲपेटाइट. दाताच्या वरच्या कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, वजनाच्या सुमारे ९६ टक्के हाच असतो.

साका बसतो कधी, विरघळतो कधी?

कॅल्शियमवर धन विद्युतभार असतो, फॉस्फेटवर ऋण. दोघं एकमेकांना ओढत असतात आणि पाणी त्यांना वेगळं ठेवायचा प्रयत्न करतं. दोघांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की पाण्याचं काही चालत नाही. ते एकत्र येतात आणि घन कण तयार होतात.

ही मर्यादा पीएचवर ठरते. आम्ल वाढलं की त्यातले हायड्रोजन आयन फॉस्फेटला जाऊन चिकटतात. मग फॉस्फेटची कॅल्शियमला धरून ठेवायची ताकद कमी होते आणि साका पुन्हा विरघळतो. म्हणूनच चोक झालेल्या ड्रिपला ॲसिड ट्रीटमेंट देतात. पीएच ४ च्या आसपास आणायचा, काही वेळ आम्ल आत ठेवायचं आणि लाइन धुऊन काढायची. एवढं लक्षात ठेवा, दातांकडे गेल्यावर हेच लागणार आहे.

कारखान्यात मात्र साका हवाच

आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करताना हीच रासायनिक क्रिया वापरतात. रस साधारण ७० अंशांपर्यंत तापवतात, त्यात चुना आणि गंधकाचा वायू सोडतात. उसाच्या रसात मुळातच थोडं फॉस्फेट असतं. ते लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असलं तर रस चांगला निवळतो. कमी पडलं तर वरून फॉस्फोरिक ॲसिड घालतात. चुन्यातलं कॅल्शियम आणि हे फॉस्फेट मिळून कापसासारखे पुंजके तयार होतात. गंधकामुळे तयार होणारा कॅल्शियम सल्फाइट सोबत असतोच. हे पुंजके रसातला गाळ, मेण, प्रथिनं, रंग असं सगळं कवटाळून खाली बसतात आणि वर निवळ रस राहतो. तो गाळ म्हणजे आपलं प्रेसमड. ते शेतात टाकल्यावर पिकाला स्फुरद मिळतं, त्याचं एक कारण हेच.

इथे साका झटपट बसला पाहिजे. कण कसे रचले गेलेत याच्याशी कारखान्याला देणंघेणं नसतं. शरीराचं काम याच्या बरोबर उलट चालतं.

तोंडात रोज चाललेली चढाओढ

आपल्या लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं, की खरं तर तोंडातही साका बसायला हवा. तो बसत नाही, कारण स्टॅथेरिनसारखी लाळेतली प्रथिनं त्याला रोखून धरतात. तरी काही ठिकाणी बसतोच. दातांवर चढणारं कीटण म्हणजे बऱ्याच अंशी कॅल्शियम फॉस्फेटच.

आता आपण साखर खाल्ली. दातांवरच्या थरातले जिवाणू तिचं आम्ल करतात आणि काही मिनिटांत पीएच घसरतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. ड्रिपची ॲसिड ट्रीटमेंटच ही, फक्त इथे धुऊन जाणारा साका म्हणजे आपला दात! पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ पीएच पुन्हा वर आणते आणि गेलेलं कॅल्शियम-फॉस्फेट थोडं थोडं परत बसवते.

म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचं. जेवणानंतर एक लाडू खाल्ला तर लाळेला सावरायला वेळ मिळतो. तोच लाडू दिवसभर चिमूट चिमूट खाल्ला तर मिळत नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे बाळाच्या तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून त्याला झोपवणं सगळ्यांत वाईट.

फ्लोराइडची टूथपेस्ट नेमकी इथे कामाला येते. खनिज परत बसताना त्यात फ्लोराइड शिरलं तर नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतोय पण खड्डा पडलेला नाही, अशा टप्प्यावर ही झीज बऱ्याचदा थांबवता येते, काही अंशी भरूनही येते. खड्डा पडल्यावर मात्र दात आपोआप भरत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंतच असतात.

मग आम्ही प्रयोगशाळेत काय करतो?

तीच दोन खतं, जवळजवळ! अतिशय शुद्ध कॅल्शियम नायट्रेट आणि डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपलं डीएपी. अमोनिया घालून पीएच १० च्या वर ठेवायचा आणि एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबानं सोडायचं. आधी काहीच शिस्त नसलेला साका तयार होतो. तो तसाच ढवळत ठेवला की काही तासांत त्याचे हायड्रॉक्सीॲपेटाइटचे स्फटिक होतात. पीएच घसरू दिला तर भलतंच कॅल्शियम फॉस्फेट हाती लागतं. तापमान, वेग, पीएच या तीन गोष्टी सांभाळण्यात आमचे दिवस जातात.

ही पूड कृत्रिम सांध्यांच्या धातूवर लेप म्हणून चढवतात, कारण हाड या थराला चांगलं चिकटतं. १९८०च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर ब्राऊन आणि लॉरेन्स चाऊ यांनी तर दोन कॅल्शियम फॉस्फेटांपासून सिमेंटच बनवलं. ओलं करून हाडाच्या पोकळीत भरलं की ते शरीराच्या तापमानाला तिथेच घट्ट होतं आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट बनतं. पण ते ठिसूळ असतं. मांडीच्या हाडासारखा भार त्याला एकट्याला पेलवत नाही.

इनॅमलचं कोडं याहून अवघड आहे. त्यातले स्फटिक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतके बारीक आणि जुडीत बांधल्यासारखे ओळीनं लावलेले असतात. दाताला ताकद मिळते ती या रचनेतून. स्फटिक आम्ही किलोनं बनवू शकतो. त्यांची ती रचना संपूर्ण दाताभर बसवणं अजून दवाखान्यापर्यंत पोहोचलेलं नाही. तोवर भरलेला दात म्हणजे ठिगळच. तेव्हा घरातल्या लहान मुलांचे दात महिन्यातून एकदा उजेडात नीट बघा. पांढरा डाग दिसला तर दुखायची वाट न बघता दातांच्या डॉक्टरांकडे जा. त्या टप्प्यावर लाळ आणि फ्लोराइड अजून तुमच्या बाजूनं असतात.