खाज थांबली, पण रोग बरा झाला का?

उन्हाळ्याच्या तोंडाशी कणकवली परिसरात ओल्या काजूगरांचा हंगाम सुरू होतो आणि त्याबरोबरच काजूचा चीक लागून हातांना फोड येण्याचे दिवसही येतात. पुढे पावसाळ्यात भाताची लावणी सुरू झाली, की ओल्या कपड्यांनी दिवसभर शेतात राबणाऱ्यांच्या कमरेला व जांघेत गजकर्णाची वर्तुळे उमटतात. दोन्ही विकारांत त्वचा लाल होते, दोन्हींत असह्य खाज सुटते आणि दोन्हींसाठी औषधाच्या दुकानातून अनेकदा एकच ट्यूब आणली जाते. ती बहुधा स्टिरॉइडयुक्त मलमाची असते. पहिल्या विकारात हे मलम योग्य रीतीने वापरल्यास गुणकारी ठरते. दुसऱ्यात मात्र ते रोगाला खतपाणीच घालते. हा फरक लोकलच्या गर्दीत घामेजणाऱ्या मुंबईकरानेही समजून घेणे आवश्यक आहे.

दाह शमविणारे औषध

आपल्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींत कॉर्टिसोन वर्गातील संप्रेरके तयार होतात. त्यांवरील संशोधनासाठी केंडाल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये अमेरिकेतील सुल्झबर्गर आणि विटेन या त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम इसबासारख्या विकारांवर उपयुक्त ठरत असल्याचे दाखवून दिले. त्वचेवर लावलेले स्टिरॉइड पेशींमधील दाहकारक द्रव्यांची निर्मिती रोखते आणि रक्तवाहिन्या आकुंचित करते. त्यामुळे लाली, सूज आणि खाज झपाट्याने कमी होते. इसब, सोरायसिस, लायकेन प्लॅनस अशा विकारांत आजही या मलमांना महत्त्वाचे स्थान आहे.

काजूचा चीक हे याचे कोकणातील ठळक उदाहरण. काजूच्या टरफलातील तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही दाहक द्रव्ये असतात. आंबा आणि बिब्बा ही झाडेही काजूच्याच कुळातील असल्यामुळे त्यांच्या चिकानेही अशीच त्वचा उठते. चीक लागताच साबण व भरपूर पाण्याने धुणे, काम करताना हातमोजे वापरणे हा पहिला उपाय. तरीही दाह झालाच, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे दिवस स्टिरॉइड मलम लावल्यास आराम पडतो. चेहरा सुजला किंवा फोड अंगभर पसरले, तर केवळ मलमावर विसंबू नये.

बुरशीला मिळणारे अभय

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. शरीराची प्रतिकारशक्ती बुरशीशी झुंजत असते म्हणूनच तेथे लाली आणि खाज निर्माण होते. स्टिरॉइड ही झुंजच थंडावते. रुग्णाला दोन दिवसांत बरे वाटते, बुरशी मात्र निर्धोकपणे पसरत राहते. मलम थांबविले की खाज दुप्पट वेगाने परतते आणि पुन्हा तीच ट्यूब हाती येते. कालांतराने वर्तुळाची उठावदार, खवलेदार कडाही पुसट होऊन रोग ओळखणे तज्ज्ञांनाही अवघड जाते. अशा वेळी त्वचेचा खरवडा घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो; ही तपासणी साधी आणि अल्पखर्चिक आहे.

स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली संमिश्र मलमे या बाबतीत अधिक फसवी होत. गेल्या दशकभरात भारतात हट्टी गजकर्णाची साथच पसरली आहे. तिच्या मुळाशी असलेल्या बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव मिळाले. तिचे अनेक प्रकार टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही दाद देत नाहीत. संमिश्र मलमांचा बेसुमार वापर हे या साथीचे एक कारण असल्याचे अनेक तज्ज्ञ मानतात.

किती, कुठे आणि किती दिवस?

सर्व स्टिरॉइड मलमे सारख्या शक्तीची नसतात. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बीटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन तीव्र, तर क्लोबेटासोल अतितीव्र गणले जाते. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, असा दंडक आहे.

मात्रेसाठी बोटाचे माप सोपे आहे. प्रौढ व्यक्तीच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते. बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. मलम केवळ बाधित जागीच, पातळ थरात, सांगितल्याप्रमाणे दिवसातून एकदा किंवा दोनदा लावावे.

जागेनुसार औषध शोषले जाण्याचे प्रमाणही बदलते. हायड्रोकॉर्टिसोनवरील १९६७ च्या प्रसिद्ध प्रयोगात, हाताच्या तुलनेत कपाळावर सुमारे ६ पट, जबड्यावर १३ पट आणि वृषणाच्या त्वचेतून ४२ पट औषध शोषले गेल्याचे आढळले. म्हणूनच चेहरा, पापण्या, काख, जांघ या ठिकाणी तीव्र मलमे वर्ज्य समजावीत. बाळाच्या लंगोटाखालील त्वचेबाबत तर विशेष दक्षता हवी.

दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते, कायमचे पांढरट चरे पडतात, मुरमे येतात, केसांची वाढ होते. पापण्यांजवळ सतत लावल्यास काचबिंदूचाही धोका संभवतो. गोरेपणासाठी किंवा वांगावर अशी मलमे महिनोन्महिने चोळणाऱ्यांचा चेहरा औषधाविना राहूच शकत नाही; थांबविताच आग आणि लाली उसळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवरील पाहणीत चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचे दिसून आले. अशा रुग्णांनी मलम एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थांबवावे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सवलत काढून घेतली. तथापि, कायद्याला ग्राहकाच्या सावधतेची जोड मिळाल्याशिवाय तो निष्प्रभच राहतो. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची ट्यूब किंवा जुनी चिठ्ठी वापरणे टाळावे.

याचा अर्थ स्टिरॉइडच्या नावानेच धसका घ्यावा, असा मात्र नाही. इसबाने रात्रभर खाजवणाऱ्या मुलाला भीतीपोटी औषधापासून वंचित ठेवणे हीदेखील हेळसांडच होय. डॉक्टरांकडे गेल्यावर चार प्रश्न अवश्य विचारावेत: रोगाचे नाव काय, मलमात स्टिरॉइड आहे का, ते कोठे व किती लावायचे आणि कधी थांबवायचे? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज ट्यूबचे झाकण उघडू नये.