पुराचे पाहणे आणि मनाचे प्रतिक्रमण

कोपरगावी पुष्कळदा पावसाची साधी भुरभुर असते, तेव्हा वर त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगरांत तो कोसळत असतो. गंगापूर, दारणा आदी धरणांतून सोडलेले पाणी नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून पुढे येते आणि गोदावरी काठ सोडते. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच घडले. २०१९ मध्ये तर त्या बंधाऱ्यावरून दोन लाख क्युसेकहून अधिक विसर्ग होत होता. ‘गंगेला पूर आला’ ही वार्ता पसरताच माणसे नदीकडे निघतात.

तांबूस पाण्याचा तो लोंढा आणि त्यावर उन्मळून आलेली झाडे पाहताना डोळे हटत नाहीत. पाणी आणखी किती चढेल, याची उत्सुकता असते. तिच्या तळाशी ‘आणखी चढावे’ अशी सुप्त इच्छाही असते. परतताना मात्र रुखरुख लागते. ज्या पाण्याकडे डोळे भरून पाहिले, त्यानेच काठावरच्या घरांतील चुली विझविलेल्या असतात.

ही रुखरुख जैन मनाला अपरिचित नाही. पाप केवळ कृतीने घडत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, अशा तिन्ही वाटांनी ते येते. पूर कोणी आणला नाही, म्हणून पहिल्या दोन वाटा बंद असतात. तिसरी उघडीच राहते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी रौद्रध्यानाचे चार प्रकार सांगताना हिंसेत रमणाऱ्या चित्ताला पहिले स्थान दिले आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात तर निव्वळ कुतूहलापोटी नाच-नाटके पाहण्याचीही गणना प्रमादाचरणात, म्हणजे अनर्थदंडात होते.

व्यापारी कुटुंबात या मोहाला आणखी एक पदर आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने महाराष्ट्रातील गहू, कांदा, द्राक्षे उद्ध्वस्त केली. अशा वेळी वखारीत माल असलेल्याच्या मनात ‘आता भाव चढेल’ हा विचार चमकून जातो. बाजाराचा अंदाज बांधणे हा दोष नव्हे. तो व्यवसायाचाच भाग आहे. परंतु गारा आणखी पडाव्यात, असे वाटू लागले की हिशेब संपतो आणि अनुमोदना सुरू होते.

मग निसर्गाच्या रौद्र रूपाने थक्क होऊच नये काय? तसे नाही. विस्मय आपोआप उठतो, त्यावर कोणाचा ताबा नसतो. तो उठल्यावर मन कोठे नेऊन ठेवायचे, हे मात्र आपल्या हाती असते. मैत्री, प्रमोद, कारुण्य व माध्यस्थ्य या चार भावनांपैकी दुःखितांसाठी शास्त्राने कारुण्य नेमून दिले आहे. पुलावरून पाणी पाहणारा पुढच्या घटकेला सखल वस्तीतील कुणाचे धान्याचे पोते उचलू लागला, वखारीतील कोरडी जागा त्याने दोन दिवस मोकळी करून दिली, तर त्याच विस्मयाचे कारुण्य झाले. नुसता मोबाइलवर पूर टिपून घरी परतला, तर तो तमाशाच राहिला.

हे पूर बहुधा चातुर्मासातच येतात आणि त्यांच्या मागोमाग पर्युषण येते. संवत्सरीला नातलग, शेजारी, गिऱ्हाईक यांना आपण ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. नदीकाठच्या ज्या घरांकडे केवळ पुलावरून पाहिले, त्यांचे स्मरणही त्या दिवशीच्या प्रतिक्रमणात व्हावे.