कीर्दीपासून निर्णयापर्यंत

रोजकीर्द आणि खतावणी हे शब्द निपाणीच्या वखारींच्या सावलीत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. कीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले तसे उतरतात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लागतात. परंतु खतावणी पुरी झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. या खात्यात दरवर्षी तूट का येते आणि ती थांबवावयाची तर काय बदलले पाहिजे, हा प्रश्न उरतोच. पहिली दोन कामे नोंदीची. हे तिसरे काम विश्लेषणाचे.

आपल्या भागातील अनेक तरुण आज बेळगाव, कोल्हापूर, पुणे, बंगळूर येथील कचेऱ्यांत संगणकावर मासिक अहवाल तयार करतात. पुष्कळांनी ही विद्या कोणत्याही वर्गात न बसता, शेजारच्या टेबलावर पाहून आणि रात्री जागून मिळविलेली असते. अशा तरुणाला व्यवसाय-विश्लेषक, म्हणजेच बिझनेस अ‍ॅनालिस्ट, कसे होता येईल, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समजा, बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या फाउंड्रीत आपला विद्यार्थी दरमहा अहवाल देतो, की शंभरांत आठ कास्टिंग बाद झाले. अहवाल अचूक आहे. तथापि त्यावरून कोणी काय करावे? तोच आकडा त्याने पाळीवार आणि महिनेवार मांडला, आणि बाद माल पावसाळ्यात वाढतो असे दिसले, तर प्रश्नाला तोंड फुटते. मग त्याने साच्यापाशी जाऊन कारागिराला विचारावे. वाळूत ओलावा अधिक राहिला, की तप्त धातूच्या स्पर्शाने वाफ होते आणि कास्टिंगमध्ये छिद्रे पडतात, हे त्या कारागिराला ठाऊक असते. फक्त ते कोणत्याही तक्त्यात नसते. वाळू झाकून ठेवावी, प्रत्येक पाळीला ओलावा मोजावा आणि दोन महिन्यांनी फरक पाहावा, असे तो सुचवू लागला म्हणजे त्याचे काम बदलले. हुद्दा मागाहून बदलतो.

या वाटेवरचे एक मोठे उदाहरण आपल्या परिसराला परिचित आहे. शरद जोशी भारतीय टपाल सेवेत होते. पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात माहितीशास्त्र विभागाचे काम त्यांनी पाहिले. ती नोकरी सोडून 1977 मध्ये त्यांनी पुणे जिल्ह्यात आंबेठाण येथे जमीन घेतली. शेती त्यांनी करता करता शिकली आणि तिचा हिशेब काटेकोर ठेवला. शेतकऱ्याला विक्रीचा भाव पाठ असतो. परंतु घरच्यांची मेहनत, व्याज, वाहतूक हे सारे खर्चात धरले तर हाती काय उरते, हे क्वचितच मांडले जाते. त्या हिशेबातून उत्पादनखर्चावर आधारित रास्त भावाची मागणी उभी राहिली. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले, ते याच मागणीसाठी. 6 एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या मागणीविषयी मतभेद असू शकतील. परंतु वहीत न लिहिलेला खर्चही खर्चच असतो, हा धडा प्रत्येक विश्लेषकाने घ्यावा असा आहे.

अशा विद्यार्थ्याने आरंभ कोठून करावा? अहवाल मागणाऱ्याला त्याने नम्रपणे विचारावे, ‘साहेब, यावरून आपण कोणता निर्णय घेता?’ उत्तर मिळाले तर अहवाल त्या निर्णयाला उपयोगी असा बेतावा. न मिळाले तर तो अहवाल कदाचित नकोच असेल, हेही कळते. दुसरे असे की, नोकरीसाठी अर्ज करताना आपल्याला अवगत असलेल्या संगणकप्रणालींची यादी पुरेशी नसते. अडचण काय होती, कोणता प्रश्न विचारला, काय बदलले व परिणाम काय झाला, अशा दोन-तीन हकिगती, मालकाचे गोपनीय आकडे वगळून, लिहून ठेवाव्यात. या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संस्था 2003 मध्ये कॅनडात स्थापन झाली असून तिच्या प्राथमिक प्रमाणपत्राला पूर्वानुभवाची अट नाही. प्रमाणपत्राने दार उघडण्यास मदत होईल. आत टिकावयाचे ते समजुतीने.

आणि या बाबतीत सीमाभागाच्या मुलाजवळ एक उपजत शिदोरी आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, कागदोपत्री इंग्रजी, असे त्याचे बालपण जाते. आजीचा अर्ज सरकारी भाषेत लिहून देणे आणि आलेले उत्तर तिला उलगडून सांगणे, हे त्याने शाळकरी वयातच केलेले असते. व्यवसाय-विश्लेषकाचे काम तरी दुसरे काय आहे? काम करणाऱ्याची अडचण यंत्रणा उभारणाऱ्याला आणि यंत्रणेची मर्यादा काम करणाऱ्याला, कोणाचाही अर्थ न बिघडविता, समजावून देणे. ज्या दुभाषेपणाला आपण आजवर केवळ आपल्या भूगोलाची अडचण मानीत आलो, तेच आपल्या मुलांचे भांडवल ठरू शकते. कीर्द लिहिण्याचे शिक्षण आपल्या गुरुजनांनी दिले. ती वाचून निर्भयपणे प्रश्न विचारणे, हे आता आपल्या हाती आहे.