उपग्रहाचा एकेरी मार्ग आणि परतीची वाट

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुका अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. कुकडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे पाणी जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणातून निघून लांबचा प्रवास करीत येथे पोहोचते. हे पाणी एकाच दिशेने वाहते. परंतु ते मिळावे म्हणून शेतकऱ्यास नमुना नंबर ७ चा मागणी अर्ज पाटबंधारे शाखेकडे द्यावा लागतो. पाणी मोठ्या पाटाने येते, मागणी लहान वाटेने जाते; आणि मागणी न पोहोचल्यास पाट भरून वाहत असूनही शेत कोरडे राहू शकते. उपग्रहाद्वारे माहिती आणण्याची एकेरी पद्धत हुबेहूब अशीच आहे.

एकेरी मार्ग कशासाठी?

येडगावप्रमाणेच जुन्नर तालुक्यात असलेल्या आर्वी येथे, नारायणगावाजवळ, सत्तरच्या दशकाच्या आरंभी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. तेथील प्रचंड तबकडी संदेश पाठवीत असे आणि घेतही असे. घराच्या छपरावरील लहान तबकडी मात्र केवळ संदेश घेते. उपग्रहाकडे संदेश पाठविण्यास वेगळे प्रक्षेपक यंत्र व परवाना लागतो आणि खर्च फार वाढतो. घेण्यास तुलनेने थोडक्यात भागते.

भारतात या मार्गाचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. अमेरिकेच्या ए.टी.एस.-६ या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखविण्यात आले. प्रयोग यशस्वी ठरला. तथापि पडद्यासमोर बसलेल्या शेतकऱ्यास त्याच मार्गाने उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाच्या शैक्षणिक जाळ्यांत ही उणीव भरून काढण्याकडे लक्ष देण्यात आले.

इंटरनेटची विभागणी

इंटरनेटवर प्रत्येक पान मागवावे लागते, म्हणून तेथे परतीच्या वाटेवाचून काहीच चालत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात यावर तोड निघाली : मागणी टेलिफोनच्या तारेने पाठवावी आणि उत्तर उपग्रहाने घ्यावे. हिशेब सोपा आहे. किडीच्या चित्राची मागणी सुमारे ४,००० बिटांची असते. सेकंदास ३३,६०० बिट नेणाऱ्या तारेवरून ती सेकंदाच्या आठव्या हिश्शात जाते. चित्र मात्र ८० लाख बिटांचे असू शकते. टेलिफोनच्या तारेने, सेकंदास ५६,००० बिट या वेगानेही, त्यास सुमारे अडीच मिनिटे लागतात. सेकंदास चार लाख बिट देणाऱ्या उपग्रहमार्गाने ते वीस सेकंदांत येते.

मुखत्यार यंत्राचे काम

येथे एक अडचण उद्भवते. ज्या वाटेने मागणी आली त्याच वाटेने उत्तर धाडणे ही संगणकांची सर्वसाधारण रीत होय. ती मोडावयाची तर मध्ये प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजेच मुखत्यार यंत्र, ठेवावे लागते. ग्राहकाची मागणी टेलिफोनने या यंत्राकडे जाते. ते ग्राहकाच्या वतीने, पण स्वतःच्या पत्त्यावर, हवे ते पान मागविते. पान हाती आले की ते भूकेंद्राकडे सोपविले जाते आणि तेथून उपग्रहामार्गे ग्राहकाच्या तबकडीवर उतरते. दुसऱ्या एका पद्धतीत परतीच्या तारेतून असा आडपडदा मार्ग काढतात की, जाळ्यातील यंत्रांस दुवा दुहेरीच भासावा. या पद्धतीचे नियम मार्च २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पोच का महत्त्वाची?

उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. पाठविणारे यंत्र काही भाग पाठवून पोच येण्याची वाट पाहते आणि पोच आल्यावरच पुढील भाग सोडते. म्हणून उपग्रहमार्ग कितीही रुंद असला तरी पोच उशिरा आल्यास प्रवाह मंदावतो, आणि मुळीच न आल्यास थांबतो. अशा वेळी चांगली तबकडी विनाकारण हलविली जाते. वस्तुतः दोष टेलिफोनच्या तारेत असू शकतो. माहिती येईनाशी झाल्यास तबकडीबरोबर परतीची वाटही तपासावी, हे यावरून ध्यानात येईल.

साठवण : सोय आणि धोका

मुखत्यार यंत्र गावातही ठेवता येते. तबकडी एकाच संगणकास जोडून बाकीचे संगणक त्याच्यामार्फत माहिती घेतात. एकदा आलेले पान हे यंत्र शेततळ्यातील पाण्याप्रमाणे साठवून ठेवते, त्यामुळे दहा जणांनी तेच चित्र मागितले तरी उपग्रहावरून ते एकदाच आणावे लागते. परंतु साठविलेली सर्वच माहिती टिकाऊ नसते. ज्वारीच्या वाणाची माहिती आठवडाभर जुनी असल्यास बिघडत नाही. कालचा हवामान अंदाज आजचा समजून औषध फवारले आणि पाऊस आला, तर औषध, मजुरी व वेळ तिन्ही वाया जातात. कांद्याच्या जुन्या भावावर विसंबून गाडी भरल्यास नुकसान याहून मोठे होते. यासाठी हवामान व बाजारभाव यांची पाने प्रत्येक वेळी नव्याने मागविण्याची योजना यंत्रात करावी, आणि वाचणाऱ्याने पानावरील तारीख प्रथम पाहावी.

आजचा बोध

टेलिफोनची तार व उपग्रह यांच्या या जोडीची जागा आता बहुतेक ठिकाणी मोबाइल व प्रकाशतंतू यांनी घेतली आहे. तत्त्व मात्र जुने झालेले नाही. २६ मे २०१५ रोजी सुरू झालेली डी.डी. किसान वाहिनी उपग्रहावरून एकाच दिशेने शेतकऱ्यापर्यंत येते. तिच्यातील सल्ला आपल्या जमिनीस व पिकास लागू पडतो किंवा नाही, हे विचारण्याची वाट वेगळी आहे. जानेवारी २००४ पासून चालू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर शेतकऱ्यास आपल्या भाषेत प्रश्न विचारता येतो. माहितीचा पाट आकाशातून वाहत आहे. शेतकरी बंधूंनी आपला मागणी अर्ज भरण्यास विसरू नये.